लतीफभाईंच्या खुर्चीतली चौकशी

माझं जमत आलेलं लग्न औरंगाबादच्या एका केशकर्तनालयाच्या आरशात मोडलं. नवरी तिथं नव्हती, मीही दुकानात नव्हतो, तरी मोडायचं काही राहिलं नाही.

दुकान लतीफभाईंचं, आमच्या गल्लीच्या तोंडाशी. गल्लीतल्या यच्चयावत पुरुषांची डोकी त्यांच्याच हातची, आणि लतीफभाईंना कट एकच येत असे. कान उघडे, मान साफ, वर वाटीएवढे केस. त्यामुळं आमच्या गल्लीतले सगळे पुरुष सख्खे भाऊ वाटत (पोस्टमन कायम गोंधळलेला). दुसरीकडं केस कापणं हे आमच्या वडिलांच्या, अण्णांच्या मते दुसऱ्याला बाप म्हणण्यासारखं होतं.

हा नियम मी मोडला तो शैलापायी. कन्नडला नात्यातल्या एका लग्नात हळदीच्या वेळी तिनं ओळखदेख नसताना माझ्याही तोंडाला हळद फासली आणि हसत पळाली. मी दिवसभर तोंड धुतलं नाही. आईनं मामांकरवी विचारणा केली. तिकडून निरोप आला, मुलाचा फोटो पाठवा. वाटीएवढ्या केसांचा फोटो पाठवायचा मला धीर होईना. मी केस वाढू दिले, निराला बाजारातल्या नव्या सलूनात जाऊन त्यांना कानांवरून झोकदार वळण देऊन आलो, आणि तडक फोटो काढला. फोटो झकास आला. कन्नडहून कळलं, मुलगा पसंत आहे, आता मुलीचे वडील थोडी चौकशी करतील.

अडचण एवढीच, की कुठंही जायचं तर लतीफभाईंचं दुकान ओलांडावं लागे. ते रागावणाऱ्यातले नव्हते. नुसती कात्री खाली ठेवून बघत, आणि ते मला सोसलं नसतं. मग मी डोक्याला मफलर गुंडाळू लागलो. औरंगाबादेत, मे महिन्यात! शिवाय गल्लीचं तोंड टाळून मागच्या बोळानं जाऊ लागलो. त्या बोळात देशी दारूचं दुकान होतं, हे मला ठाऊक होतं. पण तिथून रोज तोंड बांधून बाहेर पडणारा माणूस लोकांना कसा दिसतो, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही (डोकं मफलरमध्ये होतं).

आता आमच्याकडं मुलाची चौकशी कशी होते ते सांगायला हवं. शेजाऱ्यांना कुणी विचारत नाही, ते एकतर फार गोड बोलतात नाहीतर फार खरं. मुलीचा बाप सरळ मुलाच्या गल्लीतल्या न्हाव्याकडं दाढीला बसतो. माझ्या आत्याचं स्थळ अण्णांनी असंच पारखलं होतं. तेव्हा शैलाचे वडील, म्हणजे कन्नडचे मास्तर, एका रविवारी लतीफभाईंच्या खुर्चीत बसले.

पुढचं मला खुद्द लतीफभाईंनी नंतर सांगितलं, अगदी आनंदानं. एक गाल गुळगुळीत आणि दुसऱ्याला साबण, अशा अवस्थेत मास्तरांनी माझं नाव काढलं.

"लडका हीरा है," लतीफभाई म्हणाले. "खानदान बी अच्छा है. लेकिन आजकल क्या हुआ मालूम नै. मेरी दुकान देखा के भागता."

तेवढ्यात समोरच्या आरशात, रस्त्याच्या टोकाला, मागच्या त्या बोळातून, दारूच्या दुकानाशेजारून मफलर गुंडाळलेला एक इसम बाहेर आला. मी कोथिंबीर आणायला निघालो होतो. लतीफभाईंच्या दारात गिऱ्हाइकांची गर्दी दिसली, त्यांची नजर पडेल म्हणून मी पिशवी तोंडापुढं धरली आणि पळत सुटलो.

"ह्यो कोण?" मास्तरांनी विचारलं.

"येच तो है, आप जिसका पूछ रै."

मास्तर तिथूनच उठून गेले असते, पण अर्धी दाढी राहिली होती. नाइलाजानं बसून राहिले, आणि बसल्या बसल्या त्यांना आरशातच बाकावर पेपर वाचणारा सुधाकर दिसला. आमचा शेजारी. कान उघडे, मान साफ. हा कोण, काय करतो, असं विचारणं झालं. दुसरा गाल होईस्तोवर शैलाचं जवळजवळ जमलं होतं.

आम्हाला नुसता नकार कळला, कारण कळलं नाही. आई दोन वेळा जेवली नाही. मी मफलर सोडला आणि मुकाट्यानं लतीफभाईंसमोर जाऊन बसलो. त्यांनी नुसती कात्री उचलली. वाटी परत बसवली, सगळी हकिकत सांगितली आणि वर दिलासा दिला, "तुम्हारा नै जमा, पर फिकर नको. रिश्ता मैं गल्ली के बाहर नै जाने दिया."

वस्तरा मानेवर होता, म्हणून मी हललो नाही. पण डोळे भरून आले.

लग्नाला जावंच लागलं. शैला सुधाकरशेजारी उभी राहून कशाला तरी हसत होती, आणि माझं काय गेलं ते तेव्हा मला नीट कळलं. पंगतीत मास्तर स्वतः वाढत फिरत होते. त्यांनी मला नीट पाहिलं होतं ते फक्त फोटोत, झुलपांसकट. आता माझे उघडे कान पाहून त्यांना कमालीचं समाधान वाटलं. ते जवळ वाकले.

"त्याच गल्लीतले ना तुम्ही? तिथं एक मफलरवाला होता बघा. सकाळपासून प्यायलेला. पोरगी त्याच्या घरी जाता जाता वाचली."

मी एकदा शैलाकडं पाहिलं.

"व्हय मास्तर," मी म्हणालो, "लई वाया गेलेलं पोरगं. सुटलात तुम्ही."

मास्तरांनी खूश होऊन माझ्या पानात आणखी एक जिलबी वाढली, आणि मी ती खाल्ली.