दादाचा डावा अंगठा

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्या माझ्या दादाचा उजवा हात अर्धांगवायूने लुळा पडला, आणि कॅमेऱ्याचं बटण तर उजवीकडेच असतं. दुकानात त्याने मोठ्या लेन्सवरून डावा हात फिरवला आणि ती दुकानदाराला परत केली.

"हलका कॅमेरा दाखवा. आणि डाव्या हातात धरता येईल असं वायरचं बटण."

रविवारी तळ्याकाठी मी त्याला स्टँड लावून दिला. खंड्या फांदीवर येऊन बसला. मी मात्र दादाच्या बटण चाचपडणाऱ्या अंगठ्याकडेच बघत होते. आजारी माणसाचं अडलेलं तेवढंच आपल्याला दिसतं. तो स्वतः मनाने केव्हाचा फांदीपाशी पोचलेला असतो.

बटण दाबलं गेलं. फोटोत नुसती निळी शेपटी आली.

"उडाला रे," मी हळहळले.

"शेपटी मिळाली की!" दादा हसला. "उद्या चोचीकडून सुरुवात करू."