उपाशी रंग, जेवलेला रंग

आमच्या बाबांना गाडी लागते. गाडीत बसल्यावर लागते हे तर झालंच, पण कुणी आंबा घाटाचं नुसतं नाव काढलं तरी त्यांना लिंबू हुंगावंसं वाटतं. त्यामुळे धाकटी कुसुम लग्न होऊन रत्नागिरीला निघाली तेव्हा बाबांनी तिला कोल्हापूरच्या मोटारस्टँडवरच निरोप दिला आणि तिथेच जाहीर केलं, की घाटाखाली काही आपलं जाणं व्हायचं नाही. कुसुम रडत म्हणाली होती, "मग दादाने निदान तुमची तसबीर तरी काढून द्यावी." दादा म्हणजे मी, कोल्हापुरातल्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर. दिवाळीत मी बाबांचं तैलचित्र काढलं, चांगलं चकचकीत, आणि भावोजींबरोबर पाठवून दिलं.

होळीच्या सुमारास भावोजी कचेरीच्या कामाने आले ते तोंड पाडूनच. बाबा देवळात गेलेले बघून त्यांनी हळूच सांगितलं, "तसबिरीला भेग गेलीय. कपाळावर. डाव्या भुवईपासून वर." कुसुमच्या सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, ती भेग पाहिली आणि त्याच दिवशी तसबीर उतरवून, धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली. जित्याजागत्या माणसाच्या कपाळाला चीर पडलेली घरात टांगायची नाही, असं त्यांचं म्हणणं. रिकाम्या खिळ्याखालून जाताना कुसुमचे डोळे रोज भरून येतात म्हणे. हे ऐकून माझं जेवणावरचं मनच उडालं.

मी खाऱ्या हवेवर ठपका ठेवून मोकळा होणार होतो, पण भावोजींनी तीही वाट बंद केली. रत्नागिरीतच दळवी मास्तर म्हणून एक वयस्कर चित्रकार राहतात, मुंबईला शिकलेले. त्यांनी तरुणपणी रंगवलेली माणसं त्याच हवेत भिंतीभिंतींवर ठणठणीत आहेत. भावोजींनी जाऊन विचारलं तेव्हा मास्तर म्हणाले, "पाठवा तुमच्या मेहुण्याला. पण आंबे संपायच्या आत. नंतर माझं शिकवण्यात लक्ष लागत नाही." मेची सुट्टी लागली आणि मी निघालो.

तुम्हीही या रस्त्याने जाणार असाल तर एक ऐका. ड्रायव्हरच्या शेजारची जागा आदल्या दिवशीच बोलून ठेवा. मागे बसलात तर धूळ आणि पेट्रोलचा वास दोन्ही तुमच्याच वाट्याला. मी मागे बसलो होतो. मांडीवर जवसाच्या तेलाची बाटली होती, कारण चित्राला लागणारं हे तेल घाटाखाली सहज मिळायचं नाही असं मला वाटलं होतं. शेजारच्या आजीबाई मलकापूरपासून त्या बाटलीकडे संशयाने बघत होत्या. घाटातल्या एका वळणावर बूच उडालं, निम्मं तेल माझ्या धोतरावर सांडलं आणि आजीबाईंनी पदर नाकाला लावला तो साखरपा येईपर्यंत काढला नाही. घाट मात्र डोळे भरून बघण्यासारखा आहे. खाली उतरता उतरता हवा जड होत जाते, माती लाल होते, आणि करवंदं विकणारी माणसं मोटारीबरोबर धावतात.

पालीला मोटार पाणी पिते आणि माणसं चहा पितात. दुकानदार मला म्हणाला, "घाटावरून आलेत वाटतं?"

"कशावरून ओळखलंत?"

"ह्या उकाड्यात कोट घालून बसलात म्हणून."

मी कोट काढला. त्याने चहाबरोबर एक हापूस कापून समोर ठेवला आणि त्याचे पैसे घ्यायला साफ नकार दिला. कोकणातला पहिला आंबा असा फुकट पोटात गेल्यावर पुढचा सगळा प्रवास मला फारच रम्य वाटू लागला.

माईंचं घर मांडवीच्या बाजूला, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर. दारात कुसुम उभी होती. मला बघून हसली, आणि हसता हसता रडली. माईंनी कोकमाचं सरबत पुढे केलं आणि त्यामागोमाग वाटीभर खोबरेल. "आधी तेल लावा, मग आंघोळ. एवढा प्रवास करून आलेला माणूस कोरड्या डोक्याने न्हाणीत पाठवत नाहीत आमच्याकडे." हे रोजचंच होतं. त्या घरात पाहुण्याची तेलाची वाटी कधी रिती दिसली नाही. घरातले कपडे, उशा, दाराच्या कड्या, सगळ्यांना खोबरेलाचा वास होता, आणि आठवडाभरात तो मलाही येऊ लागला.

संध्याकाळी माईंनी विषय काढला. "दादा, स्पष्टच सांगत्ये, राग मानू नका. व्याह्यांची तसबीर घरात असावी असं मलाही वाटतं हो. पोरीचा जीव रमतो. पण ह्या खेपेला भेग गेली तर तो खिळाच उपटून टाकीन मी."

कुसुमने मान खाली घातली. मी त्या खिळ्याकडे बघितलं. चांगला मजबूत खिळा होता.

दळवी मास्तर झाडगावात राहतात. स्वतःची स्तुती करण्याचं काम ते दुसऱ्यावर सोपवत नाहीत. ओटीवर एका मिशाळ गृहस्थाचं चित्र आहे, त्याच्यासमोर मला उभं करून म्हणाले, "हे गृहस्थ जाऊन जमाना झाला. मिशी बघा. आत्ता पीळ देऊन बसल्यासारखी आहे की नाही? बोला, आहे की नाही?" मी आहे म्हटल्यावरच त्यांनी मला बसायला सांगितलं.

माझी पद्धत त्यांनी ऐकून घेतली. मी चकाकी यावी म्हणून पहिल्याच हाताला रंगात भरपूर तेल घातलं होतं. ते नीट वाळायच्या आधीच, टर्पेंटाइनने पातळ केलेला रंग वरून फिरवून काम उरकलं होतं. मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला.

"अहो, रंगाला पोट असतं! तेल प्यायलेला रंग म्हणजे जेवलेला रंग. तो सुस्त. सावकाश वाळतो, आणि वाळताना कूस बदलत राहतो. टर्पेंटाइनचा रंग उपाशी. तो चटकन वाळून कडक होतो. तुम्ही जेवलेल्याच्या पोटावर उपाशी नेऊन बसवलात. खालच्याने कूस बदलली, वरचा तडकला. समजलेत? खाली उपाशी, वर जेवलेला. आणि पहिला वाळल्याशिवाय दुसऱ्याला पान वाढायचं नाही!"

इतकं सोपं होतं. मला शाळेत हे कुणी सांगितलं असेलही, पण जेवणाच्या भाषेत सांगितलं नव्हतं.

शिडाचं नवं कापड मांडवीवरून आणलं आणि चौकटीवर ताणून बसवलं. त्यावर सरस, सरस वाळल्यावर सफेदा, मग पुन्हा वाट बघणं. वाट बघणं हा माझा प्रांत नाही. मी सारखा बोट लावून बघायचो आणि मास्तर माझ्या बोटावर फटका मारायचे. मग ते मला बाहेर हाकलायचे, "जा, समुद्र बघून या," म्हणून. त्यामुळे रत्नागिरी माझी फुकटात पाहून झाली. भाट्याच्या खाडीपलीकडचं सुरूचं बन पाहिलं, किल्ल्यावरून दीपगृह पाहिलं, आणि मांडवीवर मुंबईच्या बोटीतून उतरणारी माणसं पाहिली. बोट दूर उभी राहते आणि माणसं पडावातून किनाऱ्याला येतात. ट्रंका, पोरं, ग्रामोफोनचा कर्णा, सगळं लाटेबरोबर वरखाली होत असतं. बाबांना इथे आणलं तर काय होईल, या विचाराने मला हसू फुटायचं.

घरी परतलं की जेवायला फणसाची भाजी, आमसुलाची सोलकढी, आणि वर आमरस. रंगाचं माहीत नाही, पण मी तरी चांगलाच जेवलेला थर झालो होतो.

बाबांचा एक लहान फोटो आणि मी कोळशाने काढलेला त्यांचा चेहरा समोर ठेवून काम चाललं होतं. पहिला उपाशी थर नुसता तपकिरी. त्यात बाबा आजारी दिसत होते. तो खडखडीत वाळल्यावर दुसरा, थोडकं तेल चाखलेला. त्यात बाबांना रंग आला, भुवया आल्या. तो वाळेपर्यंत मी मास्तरांच्या ओटीवर इतके आंबे खाल्ले, की त्यांनी शेवटी पाटी माझ्यापासून दूर सरकवली. शेवटचा जेवलेला थर माईंच्या घरी द्यायचा असं ठरलं, म्हणजे चित्र ओलं असताना हलवायला नको. मी बाटलीतलं तेल घालून गालांवर ऊब आणली, डोळ्यांत चमक आणली. कुसुम दारातून बघत होती. "दादा, आता बोलतील बघ," म्हणाली.

बोलले नाहीत, आणि वाळलेही नाहीत. दिवसामागून दिवस गेले. गाल ओले ते ओलेच, आणि चौकटीवर मुंग्यांची रांग लागली. माझी सुट्टी संपत आली होती. माई येता जाता चित्राकडे आणि मग खिळ्याकडे बघत. शेवटी भावोजी जाऊन मास्तरांना घेऊन आले. मास्तरांनी चित्र पाहिलं, मुंग्या पाहिल्या, तेलाची बाटली उचलून नाकाला लावली, आणि एवढ्या मोठ्याने ओरडले की शेजारचे लोक कुंपणाशी आले.

"खोबरेल! कोणी घातलंन ह्यात खोबरेल?"

माई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. "मी घातलं. का? पाहुण्याची बाटली तळाला गेलेली दिसली, म्हटलं तेल संपलं सांगायला दादांना संकोच वाटत असेल. चांगलं घाण्यावरचं ओतलं हो!"

"माई, खोबरेल जन्मात वाळत नाही!"

हे मलाही ठाऊक होतं. पण बाटलीतलं तेल वाढलेलं माझ्या लक्षातच आलं नव्हतं; मेच्या उकाड्यात खोबरेल पाण्यासारखं पातळ, आणि त्या घरात खोबरेलाचा वेगळा वास येणार तरी कोणाला! माईंचा चेहरा एकदम उतरला. त्या मटकन पाटावर बसल्या. "म्हणजे व्याह्यांची तसबीर ह्या वेळी मीच नासवली," म्हणाल्या, आणि पदराने डोळे टिपू लागल्या. कुसुम त्यांच्याजवळ जाऊन बसली. मला वाईट वाटायला हवं होतं ते वाटलंच, पण माईंचं वाईट अधिक वाटलं.

मास्तरांनी कपड्याच्या चिंधीवर टर्पेंटाइनचे थेंब घातले आणि चिंधी माझ्या हातात दिली. "पुसा."

"बाबांना?"

"पुसा म्हणतो ना! हलक्या हाताने. खालचे थर नीट वाळवून घेतलेत की नाही ते आता कळेल."

मी गालापासून सुरुवात केली. माईंनी डोळे मिटून घेतले. चमक गेली, ऊब गेली, सगळं चिंधीवर आलं. आणि त्याखालून बाबा निघाले. मी वाट बघून बघून वैतागलो होतो तो दुसरा थर जसाच्या तसा होता, भुवईचा केससुद्धा हलला नव्हता. चकाकी नव्हती. दुपारी झोपून उठल्यावर चहा येईपर्यंत बाबा असे बसतात, थोडेसे रुसलेले. कुसुम उठून जवळ आली आणि खळखळून हसली. "अगो बाई, हे खरे बाबा! मघाचे तर लग्नात उभे असलेले होते."

मास्तर खूश झाले आणि अर्थात श्रेय त्यांनी स्वतःकडे घेतलं. त्यांच्याच घरच्या जवसाच्या तेलाने मी नव्याने शेवटचा हात दिला, अगदी बेताचा. डोळ्यांत थोडी चमक, नाकाच्या शेंड्यावर एक ठिपका, बस्स. रुसवा तसाच राहू दिला. निघायच्या आदल्या दिवशी चित्र खिळ्यावर चढलं. अजून ओलं होतं, म्हणून माई त्याच्याखाली सुपारी कातरत पहाऱ्याला बसल्या. भावोजी टोपी खुंटीला अडकवायला आले तरी त्या ओरडत, "लांबून हो! व्याही ओले आहेत!"

मी परत आलो तो पाटी भरून आंबे, धोतरावर तेलाचा डाग आणि डोक्याला खोबरेलाचा वास घेऊन. बाबांनी खोदून खोदून सगळं विचारलं. मी भेगेचं आणि खोबरेलाचं सोडून सगळं सांगितलं. पावसाळाभर मात्र माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. कोल्हापुरात झड लागली की रत्नागिरीत काय चाललं असेल, असं वाटून मी उगाचच शाळेच्या भिंतीला हात लावून बघायचो.

दिवाळीत भावोजी आले. दारातच त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "भेग नाही. केसाएवढीसुद्धा नाही." मला नाचावंसं वाटलं. मग ते बाबांसमोर बसले आणि सांगू लागले, की माई रोज सकाळी तसबिरीशी बोलतात. उठलात का व्याही, म्हणून विचारतात. फणस कापला की पहिला गरा तिला दाखवतात. आणि कुसुम दिवेलागणीनंतर त्याच भिंतीशी टेकून बसते आणि दिवसभराचं सगळं सांगते.

बाबा ऐकत राहिले. त्यांचा चेहरा हुबेहूब चित्रातल्यासारखा झाला होता.

"माझ्याशी बोलायचं ते त्याच्याशी बोलते?" ते म्हणाले. "आणि फणसही त्यालाच?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजाराला निघालो तेव्हा ते अंगणात कोट घालून उभे होते.

"ड्रायव्हरच्या शेजारची जागा म्हणे आदल्या दिवशी बोलून ठेवावी लागते," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "ठेव. आणि येताना लिंबं आण. चांगली पिशवीभर आण."