वाचनपीठाची रिकामी पायरी

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता टाळण्याचाच कंटाळा आला आहे. परवा पुण्याच्या आमच्या मंडळीत माझ्या खांद्यावर शाल घातली. आमचं गाव कधी न पाहिलेले पाळक म्हणाले, “शमुवेलकाकांनी गावातली उपासना जिवंत ठेवली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी शाल सावरत उभा राहिलो. घरी येऊन पाहतो तर मोबाइलवर गुलाबाच्या चित्रांखाली वचनं आणि अभिनंदनाचा ढीग. पुरे झालं. गावात राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या गाव सोडलेल्यांनी एकदा नीट ऐकावं. गावची उपासना मी ठेवली नाही. ती माझ्या थोरल्या बहिणीनं ठेवली, मार्थाताईनं. ती यंदा गेली. ती असती तर शाल बघून पोट धरून हसली असती.

मी निघालो त्या दिवशी तालुक्याच्या एसटी स्टँडवर ताई मला पोचवायला आली होती. पुण्याला कारखान्यात नोकरी लागली होती. हातात पत्र्याची पेटी आणि तिनं बांधून दिलेल्या भाकरी, जवसाची चटणी. चर्चला आम्ही देऊळच म्हणायचो. त्या देवळाची किल्ली माझ्या खिशात राहिली होती. बस हलायच्या आधी ती मी खिडकीतून तिच्या हातात दिली.

“आता रविवारी वाचन कोन करीन?” तिनं विचारलं.

“पाळकसाहेब सांगतीन कोनाले तरी.”

“अन् तवापर्यंत? लोकायनं काय तुह्या खुर्चीकडे पाहून आमेन म्हनाव?”

मी खिडकीची काच ओढली. कोणी वाचायचं ते मला ठाऊक होतं. ती शोधत होती ते उत्तर मीच दाबून ठेवलं होतं.

बाबा लूथरन मंडळीचे प्रचारक होते. पाळकसाहेब महिन्यातून एकदाच यायचे. बाकीच्या रविवारी बाबाच शास्त्रपाठ वाचायचे, उपासना चालवायचे. घरी जेवणाआधी आम्हा दोघांना दहा आज्ञांमधली एकेक म्हणायला लावायचे आणि विचारायचे, “याचा अर्थ काय?” उत्तर आलं की ताट. ताई जेवायला बसलेली असायची आणि मी भिंतीला टेकून अर्थ आठवत असायचो.

शेवटच्या आजारात, ताई विहिरीवर गेलेली असताना, त्यांनी मला जवळ बोलावलं. म्हणाले, “वाचन मार्थीकडे दे. थे वाचते तवा लोक आयकतात. तू वाचतो तं वाटते, याची गाडी सुटून राह्यली.”

मातीनंतर पाळकसाहेबांनी विचारलं, “वाचनाबद्दल काही सांगून गेले का ते?” ताई माझ्या शेजारीच उभी होती, डोक्यावर पदर घेऊन. मी म्हणालो, “नाही, काही बोलले नाहीत.”

का म्हणालो? मुलगा धडधाकट असताना बहीण वाचायला उभी राहिली तर लोक काय म्हणतील, एवढंच. बाबांनी ‘याचा अर्थ काय’ असं विचारलं असतं तरी याहून मोठं उत्तर माझ्याकडे नव्हतं. वाचन माझ्याकडे आलं. काही हंगाम मी ते केलं, घाईघाईनंच, आणि मग खरोखरच गाडी पकडली.

पाळकसाहेबांनी कोणालाच पाठवलं नाही. ताईनंच दार उघडलं, झाडलं आणि वाचलं. पुढची सगळी वर्षं तीच वाचत राहिली. पण वाचनपीठाच्या त्या एका पायरीवर ती कधी चढली नाही. बाजूला खाली उभी राहायची, जाडजूड पवित्र शास्त्र डाव्या हातावर पेलून. नाताळाला गावी गेलो की मला ते बघवायचं नाही.

“ताई, वर उभी राह्य ना. हात दुखत नाही का?”

“बाबानं मले कुठं सांगतलं? त्यायची जागा हाय थे. मी आपली दार उघडते.”

मी चिडायचो. तिच्यावर. सांगायला तोंड नसलं की माणूस असाच चिडतो.

इथं पुण्यात वचन पडद्यावर येतं. एक ओळ वाचून होईतो दुसरी हजर. ढोलताशाला लाजवील असा ड्रम, आणि पापांची कबुली पटकन उरकून पुढचं गाणं. या घाईला नावं ठेवावीत, तर मी तरी गावात वेगळं काय केलं होतं?

गावात बाबांनी एक रीत घातली होती. प्रभुभोजनाच्या आदल्या शनिवारी घरोघर जायचं आणि म्हणायचं, “माह्याकडून काही झालं असन तं माफी करजा.” समोरच्यानं म्हणायचं, “देवानं केली, मीबी केली.” मनात अढी ठेवून कोणी वेदीपाशी येऊ नये म्हणून. पुढं ती रीत रस्त्यातल्या रामरामासारखी नुसती म्हणायची झाली. बाया सुपातलं धान्य पाखडता पाखडता माफी देऊन मोकळ्या.

गेल्या वर्षी मी मुद्दाम तोच शनिवार धरून गावी गेलो. मला वाटलं, याहून योग्य दिवस कोणता? ताई अंगणात तूर निवडत होती.

“ताई, माह्याकडून...”

“देवानं केली, मीबी केली,” तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“तसं नाही. मले खरंच सांगाचं हाय.”

“मंग मीबी खरंच केली. शमू, तुह्या माफीलेबी गाडी पकडाची घाई. बस, चाय मांडते.”

तेवढ्यात शेजारची दोन माणसं तेच वाक्य घेऊन फाटकातून आत आली. मग आणखी एक म्हातारी. अंगणभर माफी झाली. मी बशीतला चहा फुंकत बसलो आणि तो निवला तरी फुंकत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ताई खाली, बाजूलाच उभी राहून वाचत होती. जाडजूड शास्त्र आता तिनं दोन्ही हातांवर घेतलं होतं. मी पहिल्या बाकावर होतो.

आता गाव म्हटलं की घर डोळ्यांपुढे येत नाही, शेत येत नाही. ती पायरी येते. आणि त्या बाकावरून जे मला म्हणता आलं नाही ते येतं: ताई, वर चढ. बाबांनी तुझंच नाव घेतलं होतं.