गुडघ्याएवढा दिवा

काल संध्याकाळी सोसायटीच्या बागेत नव्या दिव्यांचे तीन नमुने लावून पाहिले. गुडघ्याएवढे खांब, वरून झाकलेले, उजेड फक्त जमिनीवर. आम्ही पाच-सहा म्हातारे भोवती उभे होतो. चेहरे अंधारात होते, चपला मात्र स्वच्छ दिसत होत्या.

"इथे पायरीपाशी एक हवाच," देशपांडे म्हणाले. सहा वर्षांपूर्वी त्यांच्या पत्नी, सुमनताई, त्याच पायरीवर पडल्या आणि पुन्हा अंथरुणातून उठल्या नाहीत. "तेव्हाचा दिवा नेमका त्याच आठवड्यात गेला. नशीब, दुसरं काय."

दिवा आपोआप गेला नव्हता. उंच खांबावरचा तो उजेड माझ्या खोलीत यायचा, झोप लागेना, म्हणून सेक्रेटरी असताना मीच त्याची वायर सोडवून ठेवली होती. डोळ्यांवर येणारा दिवा माणूस विझवतो, पण त्या उजेडात कोण पाऊल टाकत असेल हे त्याच्या मनात येत नाही. इतकी वर्षं अंधारानं मला सांभाळलं. आता या ठेंगण्या दिव्यानं पायरीची कडसुद्धा दाखवली.

"नाना, यातला कुठला घ्यायचा?" देशपांड्यांनी विचारलं. "दिव्यांतलं तुम्हालाच कळतं."

"देशपांडे," मी म्हणालो, "तो दिवा गेला नव्हता. मी बंद केला होता."

मान वर करायचं धाडस मला झालं नाही. त्या उजेडात मी त्यांच्या चपलांकडे पाहत राहिलो, त्या पुढे येतात की मागे वळतात याची वाट पाहत.