हात सुटला नव्हता

ही गोष्ट नंदालाही ठाऊक नाही. नंदा म्हणजे माझी बायको. तिच्यापासून मी फारसं काही लपवत नाही, लपवायला जमतही नाही. पण ही एक गोष्ट राहिली. सांगायची म्हणून कितीदा तोंड उघडलं आणि दरवेळी दुसरंच काहीतरी बोललो — गॅस संपत आलाय, उद्या पाणी येणार नाही, असलं काहीतरी. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

बदलापुरात, आमच्या हेंद्रेपाड्यात, मला लोक श्रावणबाळ म्हणतात. थट्टेनं नाही, मनापासून. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात मी सुपरवायझर होतो तो बंद पडला, नंदाची मुंबईतली नोकरी चालू राहिली, आणि आईला सांभाळायला मी घरी राहिलो. एवढंच. आईला न्हाऊ घालणं, भरवणं, तिचे केस विंचरणं. हेच एखाद्या सुनेनं केलं असतं तर कुणी वळून तरी बघितलं असतं का? मुलगा करतो म्हणून कौतुक. आणि ते कौतुक — खरं सांगतो — मला आवडायचं.

आई कोण होती ते आधी सांगायला हवं. आम्ही आगरी. तिचं माहेर खाडीकाठचं, मिठागरांवर राबणाऱ्यांचं. लग्न होऊन ती इकडे भातशेतीत आली. आमच्याकडे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत धवले गातात, आणि ते गाणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात. आई धवलारीण होती. आसपासच्या गावांत तिला बोलावल्याशिवाय हळद लागत नसे. उंच, सावळी, नाकात मोठी नथ. मांडवात ती उभी राहिली की नवरदेवाचा बापसुद्धा आवाज खाली आणायचा.

त्या बाईला विसर पडू लागला. आधी नावं गेली, मग वेळ, मग खोल्या. दुपारी जेवली की तासाभरानं म्हणायची, मला कुणी जेवायला दिलं नाही. उशीखाली भाकरीचे तुकडे ठेवायची. स्वतःच्याच घरात बसून दिवसभर एकच धोशा — "मना घरा जायचं हाय." मी सांगायचो, आई, हेच घर. ती माझ्याकडे असं बघायची, जसं काही मी तिला फसवतोय. पुन्हा तेच. पुन्हा तेच. तुम्ही कधी असं कुणाला सांभाळलं असेल तर तुम्हाला कळेल. नसेल, तर मी कितीही सांगून कळणार नाही.

साडीच्या निऱ्या तिला जमेनाशा झाल्या होत्या. गाऊन घ्यायला म्हणून मी तिला उल्हासनगरच्या कापड बाजारात घेऊन गेलो. घरी ठेवणार कुणाकडे? गाऊन घेतले. ती दमली होती, म्हणून एका बंद दुकानाच्या पायरीवर तिला सावलीत बसवलं, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली, आणि सांगितलं, "इथंच बस. मी आलोच."

समोर, रस्त्याच्या पलीकडे, चहाचं दुकान होतं.

इथपर्यंत काही वाईट नाही ना? आईला सावलीत बसवून मुलगा चहा प्यायला गेला. मीही स्वतःला इथपर्यंतच सांगत आलो. पण पुढचं —

मी चहा पीत होतो आणि ती उठली. मला स्वच्छ दिसत होती. पायरीवरून उतरली, पिशवी तिथंच राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना ती थांबवायला लागली. गर्दीच्या आवाजातही तिचा आवाज मला ओळखू येत होता, मांडवात कमावलेला आवाज तो. "माजा पोऱ्या बगलास का गो कोनी? माजा जना?"

जना म्हणजे मी. जनार्दन.

मी हाक मारली असती तर तिला ऐकू गेलं असतं. उठून चार पावलं टाकली असती तर हात धरता आला असता. मी काय केलं? बाकावर जरा आत सरकलो, खांबाच्या आड. आणि दुसरा चहा मागवला.

हो. दुसरा चहा मागवला. तो आला, तो मी फुंकून फुंकून प्यायलो. आई मला शोधत होती आणि मला वाटत होतं — किती बरं वाटतंय. कुणीतरी दुसरा सांगेल तिला. कुणीतरी दुसरा उत्तर देईल. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाशी, एक विचार होता. तो मी आजवर स्वतःशीसुद्धा पूर्ण उच्चारलेला नाही. गेली तर? सापडलीच नाही तर?

मध्ये एक टेम्पो आला, तागे उतरवायला थांबला. तो हलला तेव्हा ती तिथं नव्हती.

मग मात्र मी धावलो. ते धावणं खोटं नव्हतं. दुकानामागून दुकान, गल्लीमागून गल्ली, विचारत सुटलो. एका चपलेचा अंगठा तुटला, ती तिथंच टाकली. बाजारातल्या सिंधी दुकानदारांनी गल्ल्यावरून उठून आपापली माणसं माझ्याबरोबर धाडली. एकानं माईकवरून पुकारा केला. सगळे माझ्यासाठी धावत होते, आणि कशामुळे धावावं लागतंय ते एकट्या मला माहीत होतं.

ऊन उतरताना एका गल्लीत मला धवला ऐकू आला.

उल्हासनगरच्या त्या बाजारात, जिथं सिंधी आणि हिंदीशिवाय काही कानावर पडत नाही, तिथं वरच्या मजल्यावरून आगरी धवला. मी जिना चढून गेलो. खोलीभर लग्नाचे कपडे पसरले होते, घागरे, ओढण्या, काठांचे तुकडे. त्या घरातल्या मुलीचं लग्न ठरलेलं. मधोमध गादीवर माझी आई बसलेली, पुढ्यात पापड आणि पाण्याचा पेला, आणि ती डोळे मिटून गात होती. भोवती चार-पाच सिंधी बायका टाळ्यांचा ठेका धरून. एक धवला संपला की घरची बाई त्यांच्या लग्नातलं गाणं, लाडा, म्हणायची, मग पुन्हा आईचा धवला. दोघींना एकमेकींच्या गाण्यातला एक शब्द कळत नव्हता. कितीतरी महिन्यांत आईचा चेहरा मी तसा बघितला नव्हता.

तिनं डोळे उघडले आणि मला बघितलं. ओळखलं! त्या दिवशी तिनं मला लख्ख ओळखलं. सगळ्या बायकांकडे वळून, अभिमानानं म्हणाली, "आला गो, माजा जना आला! मी बोल्ली व्हती ना, यो येल म्हनून!"

घरची बाई म्हणजे मोहिनीताई. मला बघून तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. "बसा भाऊ, बसा, पहिले पानी पिओ. अम्मा ठीक है. मैंने पूछा कहाँ जाना है, तो बोली घर. मैंने कहा, हाँ अम्मा, चलेंगे, पहले पापड तो खाओ." तिचे सासरे म्हातारपणी रोज सामान बांधून सिंधला निघायचे, लहानपणी सुटलेल्या गावाला. घरचे आधी त्यांना समजावून थकले, की बाबा, तिथं आता काही नाही. मग मोहिनीताई त्यांच्या शेजारी बसायला लागली. "हाँ बाबा, खाना खाके चलते हैं." जेवले की ते विसरायचे. मी रोज आईशी हुज्जत घालत होतो, हेच घर, हेच घर म्हणून. या बाईनं एका पापडावर तिला शांत केलं होतं.

"छूटी कैसे?" तिनं विचारलं.

"गर्दीत," मी म्हणालो. "हात सुटला."

तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "होता है भाऊ. बाबा भी मेरे हाथ से छूट गए थे एक बार. खुद को कोसना मत."

मी रडलो. तिला वाटलं, घाबरून रडतोय.

पुढचं सगळं त्या बाईनं उभं केलं. आठवडाभरात ती आमच्या घरी आली, आईसाठी दाल-पकवान घेऊन, आणि आईपेक्षा जास्त वेळ माझ्याकडे बघत बसली. "आप सोते कब हो?" म्हणाली. तिच्याच डोक्यातून निघालं ते. आठवड्यातल्या दोन दुपारी म्हाताऱ्या माणसांनी एकत्र बसायचं, आणि सांभाळणाऱ्यांनी शेजारच्या खोलीत पडायचं, झोपायचं, नुसतं भिंतीकडे बघत राहायचं. कुणी काही विचारायचं नाही. आमच्या पाड्यातल्या बायकांनी ते उचलून धरलं. आधी देवळामागची खोली मिळाली. पण तिथं सुकट आणता येईना, आणि आमच्या म्हाताऱ्या सुकटीशिवाय भाकरीला हात लावत नाहीत. काहींचं म्हणणं पडलं, दोन दिवस नाही खाल्ली तर काय बिघडलं? मोहिनीताई म्हणाली, "जगह बदलो. अम्मा को मत बदलो." जागा बदलली. एका सोसायटीनं आपला हॉल दिला.

काय काय बघितलं मी त्या हॉलमध्ये! एक निवृत्त अधिकारी बायकोला घेऊन यायचे. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं तोलून-मापून. पहिल्याच दिवशी चटईवर टेकले आणि असे घोरायला लागले की पलीकडे म्हाताऱ्या हसायला लागल्या. उठल्यावर ओशाळले, तर कुणी हसलं नाही, कुणीतरी चहा पुढे केला. कुणाच्या सासूला विळीवर भाजी चिरायची सवय, तर तिच्यापुढे गवार ठेवायची, मोडत बसायची ती. ज्यांना नाव आठवत नव्हतं त्यांना ओव्या आठवायच्या. आई तर तिथं पुन्हा धवलारीण झाली. मोहिनीताईबरोबर येणाऱ्या सिंधी म्हाताऱ्या तिच्यामागून धवले म्हणायच्या, उच्चार वेडेवाकडे, आणि ती त्यांना रागवायची. हे सगळं डॉक्टरांच्या गोळ्यांनी झालं नाही. माणसांनी केलं. एकमेकांची भाषा धड न येणाऱ्या माणसांनी.

आणि नवीन कुणी आलं की मोहिनीताई माझी गोष्ट सांगायची. बाजारात हात सुटला, आणि हा माणूस एका पायात चप्पल घालून वेड्यासारखा धावत होता. तिथून हे सगळं सुरू झालं. मी समोरच असायचो.

एका दुपारी बुवापाड्याची सविता आली. लग्नाला फार वर्षं झाली नसतील. सासू अंथरुणाला खिळलेली, त्या दिवशी शेजारणीला बसवून आली होती. शेजारच्या खोलीत टेकली आणि एकदम म्हणाली, "काल मी आईंना ढकललं. पलंगावर. जोरात." मोहिनीताईनं तिचे हात हातात घेतले आणि माझ्याकडे बघितलं. "जनार्दनभाऊ, आप बोलो ना इसको कुछ."

बघा, किती सोपं होतं. दार उघडून समोर ठेवलं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं — ताई, मीही. त्या पोरीला त्या क्षणी जगात एक तरी सोबती मिळाला असता.

मी म्हणालो, "मन शांत ठेवायला शिकावं लागतं. त्यांच्या जागी आपली आई आहे असं समजायचं."

तिनं मान हलवली. पदर सावरला आणि निघून गेली. नंतर बरेच दिवस आली नाही. मोहिनीताई स्वतः बुवापाड्यात गेली, तिच्या घरी बसली, सासूला तिनं न्हाऊ घातलं, सविताला झोपवलं. परत आणलं तिला. आज सविताच हॉलच्या चाव्या सांभाळते. नवीन बाई आली की तिच्याजवळ बसून स्वतःहून सांगते, मी एकदा सासूला ढकललं होतं. ऐकणारीचे खांदे सैल होतात, ते मी बघितलंय. एवढी हिंमत त्या पोरीत आहे.

आई गेली. शेवटी शेवटी तिनं मला ओळखणं सोडलं होतं, पण हॉलमध्ये जायची वेळ झाली की दाराकडे बघायची. गेली तेव्हा उल्हासनगरहून बायका आल्या, आमच्या बायकांत मिसळून रडल्या.

मी अजून त्या दुपारी जातो. चटया घालतो, पाणी भरतो, खुर्च्या लावतो. परवा एक नवीन गृहस्थ आले, वडिलांना घेऊन. मोहिनीताईनं त्यांना माझी गोष्ट सांगितली, सगळी, पहिल्यापासून. सविताही ऐकत होती. मी खाली मान घालून उभा राहिलो.

ते गृहस्थ बाजूच्या माणसाला हळूच म्हणाले, किती साधा माणूस आहे बघा, कौतुकसुद्धा सहन होत नाही.

मी ऐकलं, आणि चटया घालायला गेलो.