जबड्यावरची नस

इंदूरची आमची मिल बंद पडली, त्याच वर्षी बायकोच्या गालात कॅन्सर निघाला. ऑपरेशनचे डॉक्टर कमी बोलायचे, मला घमेंडी वाटले. पण पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी ते तळवे घासून गरम करायचे. हिच्या नाकाशेजारची कातडी वळवून त्यांनी गालाचं भोक बुजवलं. मग माझं बोट धरून तिच्या जबड्याच्या कडेवर ठेवलं आणि इंदुरी पद्धतीनं मला भाऊ म्हणत विचारलं,

"भिया, नस उडतेय ना? या नसेवरच तो कातडीचा तुकडा जगेल. रोज बघत जा."

"मिलमध्ये धागा असाच बघायचो, साहेब."

तुकडा जगला. रोग मात्र फुप्फुसात गेला. शेवटच्या दिवशी डॉक्टर आले, तळवे घासले, तिच्या जबड्यावर बोटं ठेवून बराच वेळ नस शोधत राहिले. मी माझं बोट पुढे केलं. त्यांनी ते मुठीत धरून ठेवलं.

"रहने दो, भिया."