शेवटचा भाग शहाडला वाचला

कराडहून ठाण्याला निघाले तेव्हा आमच्या ह्यांनी बॅग उचलता उचलता विचारलं, "नक्की कशाला चाललीस? लग्न नाही, बारसं नाही."

"चित्रांचं पुस्तक वाचायला."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मला एसटीत बसवून दिलं.

खरंच तेवढ्यासाठीच चालले होते. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा भाचीने फोनवर एक मांगा (जपानी चित्रकथा) लावून दिली. बेटावरचा म्हातारा नावाडी आणि त्याने सांभाळलेली अनाथ पोर कियो, एवढीच गोष्ट. पण मी अशी अडकले की विचारू नका. त्याच वेडात शहाडची मंदा भेटली, तीही फोनवरच. ती लॅबमध्ये रक्त तपासते, वयाने माझ्याहून बरीच लहान. दर रविवारी एक भाग वाचायचा आणि मग एकमेकींना बोलून पाठवायचं: कुठे हसलो, कुठे रडलो, कुणाला शिव्या घातल्या. तिचा सगळा जीव नावाड्यावर. "काकू, म्हातारा मेला ना, तर मी त्या दिवशी जेवणार नाही हां!" शेवटचा भाग मात्र छापील आणायचा आणि समोरासमोर बसून दोघींनी एकदमच वाचायचा, असं ठरलं होतं. तोवर आम्ही एकमेकींना पाहिलंही नव्हतं.

ठाण्यात नौपाड्याला नणंदेकडे उतरले. सकाळी चालतच बाहेर पडले. दवाखान्यांच्या पाट्या, साड्यांची दुकानं, दारात झाडू मारणारे दुकानदार. एका ठिकाणी मिसळ खाल्ली. तर्री (वरचा तिखट रस्सा) अशी की नाकातून पाणी आलं, तरी आणखी मागून घेतली. मग पुस्तकांच्या दुकानात गेले. मंदाची सक्त ताकीद होती की प्लास्टिक उघडायचं नाही. पण काउंटरवरचे गृहस्थ म्हणाले, "मॅडम, पानं बघून घ्या. नंतर बदलून मिळणार नाही." म्हटलं, पहिलं पान तरी बघू. आणि जन्मभर पुस्तक उघडत आले तसं उघडलं.

मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात. फोनवर नुसतं बोट फिरवलं की पान सरकतं, त्यामुळे मला ते कधी कळायची वेळच आली नव्हती. माझ्यासमोर शेवटचं पान होतं. किनाऱ्यावर पालथी नाव, तिच्याभोवती गुडघाभर गवत, माणूस कुणी नाही. मी पुस्तक खाडकन मिटलं. म्हातारा गेला होता. 

वर्तकनगरला एका सोसायटीच्या हॉलमध्ये मंदाच्या ओळखीच्या मांगावाल्या मंडळींचा मेळा होता, तिथे रिक्षाने गेले. कुणी काळा झगा घातलेला, कुणाच्या कमरेला पुठ्ठ्याची तलवार, आणि सगळे बटाटेवडे खात होते. त्यांची एक रीत मला फार आवडली. ज्यांचं वाचून झालंय ते भिंतीला टेकून बसतात, ज्यांचं व्हायचंय ते मध्ये. मधल्यांनी हवं ते बोलावं, तर्क लढवावेत. भिंतीकडच्यांनी भुवईसुद्धा हलवायची नाही.

निळ्या केसांचा टोप घातलेली तन्वी सगळ्यांना जागा दाखवत होती. "काकू, तुम्ही मध्ये. तुमचं मंदाताईंसोबत वाचायचंय ना?"

मी गुपचूप भिंतीकडे जाऊन बसले.

"अरे यार! शेवट कोणी फोडला?"

"मीच गं. डावीकडून उघडलं."

वाटलं, आता हसतील. पण तलवारवाला मुलगा म्हणाला, "मी पण पहिल्यांदा सेम केलेलं, काकू. दोन दिवस डोकं फिरलेलं." तन्वीने वडा माझ्या हातात दिला. "मंदाताईंना सांगू नका. मस्त खोटी रिअॅक्शन द्या. त्यांचा दिवस कशाला खराब करायचा?"

दुपारी कल्याणच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी सराव केला. डोळे मोठे करायचे, हात छातीवर, "अगं बाई!" शेजारच्या बाईंनी विचारलं, "मळमळतंय का? खिडकी उघडू?" म्हटलं, नको, बरी आहे. दुर्गाडीच्या पुलावरून खाडी दिसली, पाणी संथ आणि मातकट होतं. माझं काही त्यात लक्ष लागलं नाही. कल्याणहून रिक्षाने शहाड गाठलं.

मंदा खाली गेटवरच उभी होती. फोनवर तिचा आवाज एवढा दणदणीत, आणि बाई माझ्या खांद्याएवढी! "आणलंत? दाखवा, दाखवा!" म्हणत तिने आधी पिशवी घेतली आणि मग मला मिठी मारली. वर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तयार होती. तिने मला एकटीलाच वाढलं, मी नुसती भाकरी कुस्करत बसले. तिने पुस्तक हातात घेऊन उलटंपालटं केलं. "काकू, प्लास्टिक कुठेय?"

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. सगळं सांगून टाकलं. फक्त काय पाहिलं, ते सोडून.

मंदा उठली. भांडी आत नेली, नळ सोडला, बंद केला. मला वाटलं, आता हिला माझं तोंडही नको असेल. इतक्या लांबून आले ते हेच करायला का? रडूच यायला लागलं. मग ती बाहेर आली, पदराला हात पुसत. "किती पाहिलंत?"

"एकच पान. शेवटचं."

"मग बाकीचं आपण वाचू. शेवटचं तुम्ही मला सांगायचं. रविवारी सांगता तसं."

आम्ही वाचलं. बेटाला पूल झाला, नावेचं काम संपलं, कियो शहरात गेली आणि म्हातारा रोज किनाऱ्यावर जाऊन बसू लागला. मंदा मध्येच "अरे देवा" म्हणायची, मी तिचा हात धरायचे. शेवटच्या पानापाशी तिने पुस्तक माझ्याकडे वळवलं आणि डोळे घट्ट मिटले. "हं, बोला."

"नाव पालथी आहे," मी म्हटलं. "गवत वाढलंय." मंदाचे ओठ थरथरले. मला पुढे बोलवेना, म्हणून मी चित्राकडेच बघत राहिले. आणि तेव्हा दिसलं. नावेची एक कड दगडावर टेकवलेली होती, खाली सावली होती. "मंदे, थांब. सावलीत चपला आहेत. दोन जोड. एक मोठा, फाटका. एक लहान, कियोचा."

तिने डोळे उघडले नाहीत. तशीच ओक्साबोक्शी रडली आणि मग म्हणाली, "काकू, भाकरी वाढा. मी सकाळपासून जेवलेली नाहीये."

कराडला उतरले तर ह्यांनी विचारलं, काय काय पाहिलंस? ठाण्याचं तळंसुद्धा पाहिलं नाही, काय सांगणार! एवढंच म्हटलं, पुस्तक झालं. पण मनात येत होतं, दुकानात मी ते चित्र पाहिलं तेव्हा एकटी होते, म्हणून मला त्यात फक्त मरण दिसलं. मंदाला सांगायची वेळ आली तेव्हाच मी ते नीट पाहिलं.